व्हिलनचा टिपूस

दोरीवर तिसरा चिमटा लावता लावता तिचा हात थांबला. वाऱ्यानं सिनेमाच्या जुन्या बॅनरचं कापड जरा पुढे आलं होतं आणि व्हिलनचा डावा गाल थेट तिच्या डोळ्यांसमोर होता. गाल साफ होता.

चिमटा दातांत धरून तिनं दोन्ही हातांनी कापड ताणलं आणि पुन्हा पाहिलं. डोळा जागच्या जागी होता. भुवईवरचा व्रण होता, ओठांच्या कोपऱ्यातलं जहरी हसू होतं. फक्त डोळ्याच्या कडेतून निघून गालाच्या मध्यावर थबकलेला, दुधी पांढरा, निळसर कडेचा टिपूस तेवढा नव्हता. त्याच्या जागी तपकिरीत थोडा हिरवा मिसळून बसवलेली कातडी होती, आणि ती इतकी बेमालूम होती की तिथे कधी काही होतं अशी नवख्या माणसाला शंकासुद्धा आली नसती.

मागे पायरीवर तिचे वडील चहाचा कप गुडघ्यावर टेकवून बसले होते. सकाळपासून त्यांनी तिच्या कामात एकदाही लुडबुड केली नव्हती. एरवी दोरी सैल आहे, चिमटे कमी पडतील, कापडाला घडी बसेल, असं काही ना काही चालू असायचं. हे आधीच लक्षात यायला हवं होतं, असं तिला वाटलं.

"बाबा, टिपूस कुठे गेला?"

"इथेच तर बसलाय."

ती गर्रकन वळली. सगळं जग त्यांना टिपूस म्हणून हाक मारायचं, पण त्या नावावर त्यांनी स्वतःहून कधी विनोद केला नव्हता. आज केला, म्हणजे चोर सापडला होता.

"कधी केलंत हे?"

"काल. तू पडदे पोचवायला गेली होतीस तेव्हा." त्यांनी कपात पाहिलं. "जमलंय ना? जुन्या रंगाशी नवा जुळवायचा म्हणजे खायचं काम नाही. वर बसलेली धूळसुद्धा रंगात कालवावी लागते."

"अहो बाबा, ते लोक निघालेत यायला!"

"म्हणून तर केलं."

ते लोक म्हणजे संग्रहालयाच्या बाई आणि छोटे मालक. हाताने रंगवलेली सिनेमाची पोस्टरं आणि बॅनरं आता लोककला झाली आहेत, ही बातमी टिपूस पेंटरच्या घरी जरा उशिराच पोचली होती. जे कापड सिनेमा उतरला की धुऊन, पांढरा हात मारून पुढच्या सिनेमाला वापरायचं, नाहीतर ट्रकवर ताडपत्री म्हणून घालायचं, ते आता लोक हौसेनं जमवत होते आणि काचेमागे लावत होते. बाई अशी बॅनरं हुडकत हिंडत होत्या. हिंडत हिंडत त्या छोट्या मालकांच्या फ्लेक्स छापायच्या दुकानात पोचल्या. छोटे मालक आता आजोबा झाले होते, पण बॅनर रंगवायचा कारखाना चालवणाऱ्या त्यांच्या वडिलांना सगळे मालक म्हणायचे, त्यामुळे हे जन्मभर छोटेच राहणार होते. त्यांनी बाईंना सांगितलं, आमच्या बाबांच्या कारखान्यातलं एकच बॅनर शिल्लक आहे, टिपूसकाकांच्या घरी.

बाबांच्या कारखान्यातलं. बाबांचं, असंही म्हणाले असतील. कारखान्याची रीतच तशी होती. हिरो-हिरॉइनचे चेहरे मालक स्वतः करायचे आणि उरलेलं जग, म्हणजे व्हिलन, पोलीस, घोडे, आग आणि गर्दी, टिपूसच्या वाट्याला यायचं. पण कुणी काहीही रंगवो, खाली उजव्या कोपऱ्यात लाल रंगात सही पडायची ती मालकांची. या बॅनरवरही ती होती, अजून टवटवीत.

म्हणून बाईंनी फोनवर मुलीला सरळच विचारलं होतं, "सही एकाची आणि काम दुसऱ्याचं, असं तुम्ही म्हणता. आमच्याकडे शेजारी नावाची पाटी लागते, पुस्तकात छापलं जातं. मी कशाच्या आधारावर लिहू?"

"खूण आहे. व्हिलनच्या गालावर टिपूस आहे. ती माझ्या वडिलांची चूक. त्यावरूनच तर त्यांना हे नाव पडलं."

बाई एवढ्या हसल्या की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. "रडणारा व्हिलन? अहो, मला तोच हवा! तो असेल तर प्रश्नच मिटला. मी छोट्या मालकांनाही घेऊन येते. त्यांच्यासमोरच ठरवून टाकू, मजकूर लगेच छपाईला जायचाय."

हे सगळं तिनं वडिलांना जेवताना हरखून सांगितलं होतं. तुमचा टिपूस बघायला लोक येताहेत, असं म्हणाली होती. तिच्या लेखी तो मान होता. त्यांच्या लेखी ती जुनी थोबाडीत पुन्हा एकदा खायची होती, आणि तीही परक्या बाईच्या देखत. दोन माणसं एका ताटात जेवली तरी एकच गोष्ट ऐकतील असं नाही, हे तिला आता कळत होतं.

थोबाडीत खरीच बसली होती. त्या काळी सिनेमा यायच्या आधी बॅनर चढायचं, त्यामुळे रंगवणाऱ्यानं सिनेमा पाहिलेलाच नसायचा. तळहाताएवढे काळे-पांढरे फोटो यायचे. त्यांच्यावर चौकटी आखायच्या, तशाच चौकटी कापडावर मोठ्या करून आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायचं. व्हिलनच्या फोटोत डोळ्याखाली एक ओरखडा होता. वाटेत कुठेतरी घासला असेल. तरण्याताठ्या पेंटरला तो अश्रू वाटला. कितीही झालं तरी माणूसच, शेवटी पस्तावला असेल, असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं जीव ओतून नारळाएवढा टिपूस रंगवला.

सिनेमात व्हिलन रडला नाही. हसत हसत कड्यावरून पडला. बॅनर बघून आत गेलेले लोक तो आता रडेल, मग रडेल म्हणून वाट बघत बसले, आणि दिवे लागले तशी पुढच्या बाकांवरून बोंब उठली, "टिपूस कुठाय? टिपूस दाखवा!" मालकांनी कारखान्यात सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. शिडी लावून गाल साफ करायचा हुकूमही सुटला. पण तोवर थिएटरच्या मॅनेजरच्या ध्यानात आलं होतं की लोक नुसता तो टिपूस बघायला रस्त्यात थांबताहेत. त्यानं शिडी लावूच दिली नाही. सिनेमा उतरल्यावर मालकांना ते कापड डोळ्यांसमोर नको झालं होतं. पेंटरनं ते गुंडाळलं आणि घरी आणलं.

घरात त्याचा पडदा झाला. खोली एकच, एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला संसार, मधे व्हिलन. मुलगी त्याच्यासमोर बसून अभ्यास करायची, आणि गणितात नापास झाली की याला ते आधीच कळलंय अशी तिची खात्री असायची. आई होती तोवर ती चिडवायची, "काय हो त्या बिचाऱ्याला रडवलंत! आता डोळे तरी पुसा त्याचे." यावर वडील पाठ करून बसायचे. मुलीला मात्र तो माणूस फार जवळचा होता. घरात रडायची सोय असलेला तो एकटाच होता. आता दोरीवर जो लटकत होता तो कुणी दुसराच होता, देखणा आणि दुष्ट, आणि तिला त्याचा राग आला.

"बाबा, तो टिपूस होता म्हणून तुमचं नाव लागणार होतं."

"चुकीखाली नाव?" कप पायरीवर जरा जोरातच टेकला. "म्हणजे भिंतीवर टांगणार, शेजारी माझं नाव लिहिणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, बघा, या शहाण्याला ओरखडा कुठला आणि अश्रू कुठला ते कळलं नाही."

"असं कुणी म्हणत नाहीये. लोकांना आवडतो तो."

"दोन डोक्यांचं वासरूसुद्धा लोक तिकीट काढून बघतात."

"मग आता मालकांचं नाव लागेल. चालेल?"

अंगणाच्या भिंतीवर एक मांजर आली, बॅनरकडे बघून थबकली आणि आल्या वाटेनं परत गेली.

"सही त्यांचीच आहे," ते शेवटी म्हणाले. "पण काम नीट जाईल. खोट ठेवून माल बाहेर जाऊ द्यायचा नसतो."

तिला हसावं की रडावं ते कळेना. या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली होती. बॅनरचा धंदा बसल्यावर दुकानांच्या पाट्या केल्या, डॉक्टरांच्या केल्या, वकिलांच्या केल्या, एका दंतवैद्याचं नाव तर तीनदा चुकवून तीनदा फुकट रंगवून दिलं. स्वतःच्या दारावर मात्र पाटी नव्हती. पत्ता विचारत येणाऱ्याला कोपऱ्यावरचा न्हावी सांगायचा, टिपूस ना, ते निळं दार. आपल्या बापाचं नाव एकदा तरी कुठेतरी छापलेलं बघायचं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिनं बॅनरच्या फाटलेल्या कडा पडद्याच्या अस्तराचा पट्टा लावून शिवल्या होत्या, बोटं सोलपटून घेतली होती. आणि यांनी एका दुपारी सगळ्यावर रंग फिरवला.

ती तरातरा आत गेली. खाटेखालून रंग पुसायच्या टर्पेंटाइनची बाटली काढली, अस्तराचा एक तुकडा टरकन फाडला, बाटली त्यावर उपडी केली आणि बाहेर आली. गालाजवळ नाक नेलं. रंगात कालवलेल्या अळशीच्या तेलाचा वास अजून येत होता. नखाची कड हलकेच टेकवली, तर नखाला रंग आला.

"पूस," वडील पायरीवरूनच म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "पण वरचा निघेल तसा खालचाही निघेल. तो जुना आहे, पापुद्रे सुटलेत त्याचे. मग टिपूसही जाईल आणि गालही."

"तुम्हाला नुसता वरचा काढता येईल."

"येईल."

"मग काढा ना, बाबा."

"नाही."

चिंधी हातात धरून ती उभी राहिली. टर्पेंटाइन मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि शिलाईनं सोललेल्या बोटांना झोंबायला लागलं. पुसावं तर सगळंच हातचं जाईल. न पुसावं तर नाव जाईल. तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली, दारं आपटली आणि छोट्या मालकांचा दणदणीत आवाज आला, "आहेत का घरात टिपूसकाका?"

तिनं चिंधी दोरीखालच्या बादलीत टाकली.

बाई उंच होत्या, भरभर चालणाऱ्या. बॅनर दिसताच त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. कशालाही हात लावायचा नाही अशी त्यांनी स्वतःला सवय लावलेली असावी. छोटे मालक पांढऱ्याशुभ्र शर्टात घाम पुसत मागून आले आणि थेट पायरीकडे गेले.

"काका, ओळखलंत का?"

"रंगाच्या डब्यात पाय घालून तसाच शाळेत जायचा, त्याला कोण विसरेल?"

छोटे मालक गडगडून हसले. मग त्यांची नजर बॅनरवर गेली आणि हसू हळूहळू ओसरलं. लहानपणचं घर अचानक समोर यावं तसे ते बघत राहिले.

बाई तोवर चेहऱ्याजवळ पोचल्या होत्या. त्यांनी डावा गाल पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला.

"टिपूस कुठे आहे?"

"होता," मुलगी म्हणाली. "म्हणजे, कालपर्यंत होता."

"कालपर्यंत?"

बाईंच्या भुवया वर गेल्या. वडिलांनी लपवाछपवी केली हे त्यांच्याच तोंडावर परक्या माणसांना कसं सांगायचं? तिनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, सांगा ना तुम्ही."

"कापड जुनं आहे," वडील कुणाकडेच न बघता म्हणाले. "काय काय उडून जातं."

आता बाईंच्या नजरेत ती सरळसरळ खोटारडी ठरली होती. बापाला मोठं करायला निघालेली, गोष्टी रचणारी मुलगी.

छोटे मालक खाकरले. "बाई, मी सांगू का? टिपूस होता हे अगदी खरं. ही काही खोटं बोलत नाहीये. पण तो बाबांनी पुसला. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बाबा स्वतः शिडीवर चढले, खाली सगळा रस्ता बघायला जमलेला, आणि टिपूस पुसून आख्खा चेहरा नव्यानं करूनच खाली उतरले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगायचं तर मला वाटायचं, बाबा जरा वाढवून सांगतात. पण आता समोरच आहे. कुठे आहे टिपूस? नाहीच."

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मुलीला त्यांचा रागही धड करता येईना.

बाई वडिलांकडे वळल्या. "तुम्ही तिथे होतात. तुम्ही सांगा. मालक चढले होते शिडीवर?"

वडील गुडघ्यावर हात देऊन उठले. चार पावलं पुढे आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग छोट्या मालकांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"मालकांचा हात फार वरच्या दर्जाचा होता," ते म्हणाले.

हे काही उत्तर नव्हतं, पण बाईंनी ते उत्तर म्हणून घेतलं. त्यांनी मान डोलावली.

"असं झालं नव्हतं," मुलगी म्हणाली. "शिडी कुणी लावूच—"

"अगं, पाहुण्यांना पाणी दे आधी."

ती पाणी आणायला गेली नाही. तिथेच, बादलीशेजारी, ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

बाईंना आता पूर्ण बॅनरचा फोटो हवा होता. कापड भिंतीएवढं, अंगण लहान. त्या मागे मागे सरकत पार फाटकापर्यंत गेल्या, पिशवी फाटकाला अडकवली आणि ओरडल्या, "सगळे जरा बाजूला व्हाल का?"

छोटे मालक मात्र बॅनरपाशीच रेंगाळले होते. "काका, हा गाल बघा. हाडाच्या खाली हिरवा कसा दिलाय! लांबून बघितलं तर जिवंत वाटतो. असा गाल बाबांशिवाय कुणाच्या हातून झाला नसता."

"आवडला?" वडिलांनी विचारलं.

"आवडला म्हणजे काय!" छोटे मालक म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मुलीला ते दिसलं. नको म्हणायला एक क्षण होता, आणि तो तिनं जाऊ दिला.

छोट्या मालकांनी झोपलेल्या माणसाच्या गालावरून फिरवावं तसं एक बोट व्हिलनच्या गालावरून फिरवलं. बोट सरकलं. जरा जास्तच सहज सरकलं. मागे एक पट्टा उमटला आणि त्या पट्ट्यात, तपकिरी रंगाच्या आतून, दुधी पांढरं काहीतरी दिसलं, निळसर कडेचं.

त्यांनी बोट डोळ्यांसमोर धरलं. मग नाकाजवळ नेलं. ते त्याच कारखान्यात रंगाच्या डब्यांवर बसून मोठे झाले होते, तो वास त्यांना कुणी सांगायला नको होता. त्यांनी गालाकडे पाहिलं, आणि मग म्हाताऱ्याच्या हातांकडे. नखांच्या कोपऱ्यांत तोच तपकिरी होता, तोच हिरवा.

"ओलं आहे," वडील हळूच म्हणाले. "हवा दमट आहे ना. वाळत नाही लवकर."

"छोटे मालक, तुम्ही अजून मधेच आहात!" बाई फाटकातून म्हणाल्या. छोटे मालक हलले नाहीत. त्यांच्या रुंद पाठीमागे गाल झाकला गेला होता. बाईंना काहीच दिसत नव्हतं.

वडिलांनी खिशातून रुमाल काढला आणि पुढे केला. "बोट पुसा. शर्टाला लागलं तर डाग जायचा नाही." आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "त्या जरा इकडेतिकडे झाल्या की मी हे नीट करतो. कुणाला कळायचं नाही."

मुलीनं हे ऐकलं आणि तिला वाटलं, पुढे होऊन तो रुमाल हिसकावून घ्यावा. पण तिचे पाय जागचे हलले नाहीत. आता हे तिच्या हातात नव्हतं, आणि वडिलांनी तर ते स्वतःहून दुसऱ्याच्या हातात दिलं होतं.

छोट्या मालकांनी रुमाल घेतला नाही. बोट तसंच हवेत धरून ते पुटपुटले, "शिडी लावलीच नव्हती?"

"मॅनेजरनं लावू दिली नाही," वडील म्हणाले. "नाहीतर ते चढले असते. तयार होते चढायला."

"चेहरा पण तुमचाच?"

वडील रुमाल तसाच पुढे धरून राहिले.

"चला, निदान नाव तरी लिहून घेते," बाईंनी वही उघडली. "छोटे मालक, वडिलांचं पूर्ण नाव सांगा तुमच्या. आडनावासकट."

छोट्या मालकांचं तोंड उघडलं आणि मिटलं. बापाचं नाव सांगायला कुणाला वेळ लागत नाही. त्यांना लागला. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि बादलीची कडी आपण केव्हापासून घट्ट धरून ठेवलीय हे तिला कळलंही नाही.

मग ते बाजूला झाले.

"बाई, इकडे या. टिपूस आहे. आत आहे. हा वरचा गाल कालचा आहे, काकांच्या हातचा."

बाई जवळजवळ धावतच आल्या. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं आणि एकदम ओरडल्या, "आता कुणीही हात लावायचा नाही! कुणी म्हणजे कुणीही नाही. वरचा थर काढणारी माणसं आहेत आमच्याकडे."

"टिपूस परत दिसेल?" मुलीनं विचारलं.

"दिसेल. वेळ लागेल, पण दिसेल."

"म्हणजे चूक राहणार," वडील म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "राहणार. लोक हसणार नाहीत असं काही मी म्हणत नाही, काका. मीसुद्धा हसले होते. पण नुसता फोन ऐकून मी इतक्या लांब आले, ते काही त्या गालासाठी नाही आले."

बाई क्षणभर थांबल्या, मग पेन शोधायला फाटकाला अडकवलेल्या पिशवीकडे गेल्या.

छोट्या मालकांनी रंगाचं बोट मुठीत मिटलं. ते म्हाताऱ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि शाळेतल्या पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

"आँ?"

"नाव. खरं. मला माहीतच नाही. इतकी वर्षं नुसतं टिपूसकाका, टिपूसकाका." त्यांनी मान खाली घातली. "बाबांनाही माहीत होतं की नाही, देव जाणे."

मुलीच्या जिभेवर ते नाव आलं होतं. ती सांगू शकत होती. पण ते तिनं सांगून चालणार नव्हतं, एवढं तिला कळत होतं. बाबा पुन्हा नाही म्हणाले, तर बाईंचं पेन मिटणार होतं आणि पाटीवर फक्त कारखान्याचं नाव लागणार होतं.

वडिलांनी रुमालाची घडी घातली. ती उलगडली, पुन्हा घातली. व्हिलनकडे पाहिलं. पट्ट्यातून तेवढंच पांढरं दिसत होतं, नखाएवढं. त्या माणसाशी त्यांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण बराच वेळ झालं. मग रुमाल खिशात गेला. त्यांनी घसा साफ केला आणि नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. फार दिवस न बोललेली भाषा बोलावी तसं, अडखळत आणि अगदी हळू.

"ऐकू नाही आलं हो!" बाई फाटकातून म्हणाल्या.

वडिलांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. तेव्हा छोटे मालक फाटकाकडे वळले आणि त्यांनी ते नाव, बापासकट आणि आडनावासकट, शेजारपाजारची माणसं खिडक्यांत येतील एवढ्या मोठ्यानं बाईंना सांगितलं.